गच्ची धुवायची, खिसा नव्हे

प्रेशर वॉशर घेतलात, अभिनंदन! रत्नागिरीत चार महिने कोसळून पाऊस गेलाय, गच्च्या शेवाळाने हिरव्यागार आहेत आणि दिवाळी तोंडावर आली आहे. धंद्याला याहून चांगला मुहूर्त नाही. आता फक्त दर सांगायला शिका. खालच्या सगळ्या पायऱ्या मी स्वतः चढलोय, बऱ्याचशा घसरत.

पायरी १ : पहिलं गिऱ्हाईक नात्यातलं धरा. काका म्हणतील, "घरचंच काम, काय ते देऊ." ते 'काय ते' म्हणजे कांदेपोहे. "तेवढीच तुझ्या मशीनची ट्रायल," हे वर.

पायरी २ : जागा बघायला जाऊ नका, फोनवरच दर ठोका. "गच्ची केवढी?" "असेल छोटीशी." ही छोटीशी गच्ची आठ ब्रास, म्हणजे 800 चौरस फूट निघते. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.

पायरी ३ : दुसरा तीन रुपये फूट म्हणतो ना? तुम्ही दोन म्हणा. झाले 1600. त्यातून हाताखालच्या पोराचे 700, टेंपोचे 600, वडापाव-चहाचे 120 वजा करा. उरले 180. काम चाललं सात तास. म्हणजे तासाला पंचवीस रुपये पडले. पोराला शंभर पडले, मालक तुम्ही.

पायरी ४ : पाणी कुणाचं, हे विचारू नका. माझं मशीन मिनिटाला सात लिटर ओढतं, तासाला 420. रविवारी सकाळी सोसायटीची टाकी आटली, की तिसऱ्या मजल्यावरून तोंडाला साबण लावलेले गृहस्थ तुम्हाला स्वतः भेटायला येतात.

पायरी ५ : नमुना दाखवताना लाल नोझल लावा. ते शून्य अंशाचं. सगळा जोर एका रेघेत. जांभ्याच्या चिऱ्यावर धरलंत तर शेवाळ जातं, पाठोपाठ चिराही जातो. माझ्या पहिल्या गडग्यावर बोटभर खोल खाच आहे. भरपाई म्हणून मी अख्खा गडगा फुकट धुतला, पांढऱ्या नोझलने, चाळीस अंशात, हातभर लांबून. आधीच तसा धुतला असता तर पैसे मिळाले असते.

पायरी ६ : सेक्रेटरी म्हणतील, "नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. उरलेली दोन तुम्हीच आणा, जरा जास्तीची." आणलीत, की म्हणतील, "तुमचं सगळ्यात कमी आहे खरं. अजून किती सोडाल?"

एवढं करून दुकान चालू राहिलंच, तर सातवी पायरी. आधी जिना चढून गच्ची बघा. टेप लावा. पाणी आणि विजेचा पॉइंट कुठे आहे ते विचारा. किती तास लागतील ते मोजा आणि त्यात दीड तास वाढवा. मग कागदावर सगळ्यात वर स्वतःची मजुरी लिहा. पोरगा, टेंपो, मशीनची झीज त्याखाली. गच्ची कितीही छोटी असो, एका रकमेच्या खाली मशीन टेंपोत चढवू नका. आणि जे ठरेल ते लिहून द्या, काकांनासुद्धा.

कारण शेवाळ पुढच्या पावसात परत येतं. पहिल्या वर्षी सांगितलेला दर मात्र गिऱ्हाईक जन्मभर विसरत नाही.