वॉट जुळले हो, शेठ!

श्री. रा. रा. ड्रायव्हरवाले शेठ,
मुक्काम तापकीर गल्ली, बुधवार पेठ, पुणे यांसी

कृ. सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने आमच्या घरचा ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचा दिवा, तयार झाला आहे. लाकडी चौकट आहे, मागे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे, दोन एलईडी बोर्ड आहेत आणि वर त्यांना वीज पुरवायला आपण स्वहस्ते निवडून दिलेला ड्रायव्हर आहे. उजेड तेवढा नाही. पण एवढ्या गोतावळ्यात एखाद्याचं यायचं राहतंच.

सर्वप्रथम आभार मानतो ते आपण वाचवलेल्या वेळाचे. ‘एका बोर्डाला एक ड्रायव्हर हवा’ असं म्हणताच आपण एकच प्रश्न विचारलात: ‘किती वॉट?’ पन्नास म्हणायचा अवकाश, फळीवरून पन्नासचा डबा खाली! किती व्होल्ट, किती अँपिअर, असल्या खासगी चौकशा करून आपण गिऱ्हाइकाला अवघडवत नाही. उद्या आपण जोड्यांचं दुकान काढलंत, तर पायाचं माप घेण्याऐवजी माणसाला वजनकाट्यावर उभं कराल आणि ‘पासष्ट किलोचा जोडा दे रे’ म्हणून पोऱ्याला हाक माराल, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आता आमच्या बोर्डाचा हेकट स्वभाव आपल्या कानावर घालतो. त्याच्यावर २८८ बारीक एलईडी आहेत, १८-१८च्या १६ माळा. अशा एका पांढऱ्या एलईडीला साधारण २.७ व्होल्ट लागतात, म्हणजे अठराजणांच्या माळेला ४८-४९. माळेमागे ६५ मिलिअँपिअर धरले की सगळ्यांचे मिळून एक अँपिअरच्या थोडे वर, आणि गुणाकार पन्नास वॉट. आपला ड्रायव्हरही पन्नासचाच. फक्त तो आपले पन्नास २४ ते ३६ व्होल्ट आणि दीड अँपिअर असे भरतो. वॉट जुळले हो, शेठ! बाकी दोघांत छत्तीसचा आकडा. हा छत्तीसच्या फार वर चढत नाही, तो अठ्ठेचाळीसच्या खाली नीट पेटत नाही.

तरी आपल्या मालाने अगदीच निराश केलं नाही. ड्रायव्हर जोर लावतो, बोर्ड क्षणभर मिणमिणतो, ड्रायव्हर दमून बसतो, पुन्हा उठतो. रात्रभर हे चालतं. खाली ट्रेमध्ये पेरलेली मेथी हा खेळ दोन दिवस पाहून कंटाळली आणि ओट्यावरच्या ट्यूबलाइटकडे मान वळवून बसली.

आपण म्हणाल, डब्यावर सगळं लिहिलेलं असतं, वाचायचं होतं. खरं आहे. ‘५० वॉट’ हे तर रस्त्यापलीकडून दिसेल एवढ्या अक्षरात आहे. आउटपुटची ओळ मुंगीच्या अक्षरात असते, आणि त्या ओळीवर, नेमकी त्याच ओळीवर, आपण दुकानाचा गोल स्टिकर चिकटवता: ‘स्टिकर फाटल्यास गॅरंटी नाही’. म्हणजे ड्रायव्हर किती व्होल्टचा हे वाचायचं असेल तर गॅरंटी सोडा, आणि गॅरंटी हवी असेल तर वाचू नका. इतकी सुरेख तजवीज सहज सुचत नाही. आम्ही नखाने अलगद कड उचलून ‘३६’ एवढं पाहिलं. गॅरंटी गेली असं आपण फोनवर सांगितलंत. ती दुकानाच्या पायरीपर्यंतचीच ‘चेकिंग गॅरंटी’ होती, हेही त्याच फोनवर कळलं.

सहज बोर्डाच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लख्ख लागला! आपल्याकडून आणलेल्या वस्तूने व्यवस्थित पेटवलेला हा पहिला दिवा. ड्रायव्हर खोलला तर आत ट्रान्सफॉर्मरच्या जागी नुसती एक चोक. घरातल्या २३० व्होल्टांपासून आउटपुट वेगळं ठेवण्याची, म्हणजे आयसोलेशनची, भानगडच नाही. खाली पाण्याने भरलेले ट्रे आणि रोज झारी घेऊन उभी राहणारी आमची आई. अशा ड्रायव्हरला आयएस १५८८५ या भारतीय मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, डब्यावर नोंदणीचा आकडा लागतो, वगैरे क्षुल्लक गोष्टींत आपण लक्ष घालावं अशी आमची अपेक्षा नाही. स्टिकरखाली असेलही तो.

मग आपण ‘मोठा घ्या’ म्हणालात. शंभरचा घेतला. व्होल्ट तेच ३६, अँपिअर मात्र तीन. आपला हात सढळ आहे, पण नेमका नको तिथे.

त्यानंतरचा सल्ला सर्वांत मोलाचा: ‘अठ्ठेचाळीसची एसएमपीएस लावा, बारका स्क्रू फिरवून उजेड वाढवा.’ वाढला की! पहिली दहा मिनिटं मेथीसुद्धा परत फिरली असेल. पण एसएमपीएस व्होल्टेज धरून ठेवते आणि करंट मोकळा सोडते. एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज उतरतं, मग तेवढ्याच व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढतो, त्याने आणखी तापतो, आणखी ओढतो. स्क्रू आम्ही एकदाच फिरवला, पुढचं बोर्डाने स्वतःच पाहिलं. एक माळ काळी पडली. बोटाला चटका बसला तो वेगळा. त्याचे आपण पैसे लावले नाहीत, हा आपला मोठेपणा.

दुसरा बोर्ड कसा जोडू, या प्रश्नावर आपलं उत्तर सुटसुटीत होतं: ‘प्लसला प्लस, मायनसला मायनस, झालं.’ म्हणजे पॅरलल. त्यात एका बोर्डाची तार निसटली की आपला कॉन्स्टंट करंट (करंट कायम राखणारा) ड्रायव्हर सगळाच्या सगळा करंट निमूट दुसऱ्याच्या अंगावर घालतो. सिरीजमध्ये दोघांना सारखाच मिळतो, तार सुटली तर दोघेही विझतात; मात्र व्होल्ट ९७च्या घरात जातात, उघड्या तारेला हात लावायची सोय उरत नाही. एवढं सगळं आपण त्या एका ‘झालं’मध्ये बसवलंत.

आता एकच मागणं. आपल्या फळीवर, मागे कुठे तरी, धुळीत, ‘४२ ते ५४ व्होल्ट, १०५० मिलिअँपिअर, आयसोलेटेड’ असं लिहिलेले दोन डबे पडले असतील तर तेवढे काढून ठेवावेत. किती वॉटचे ते सांगायची तसदी घेऊ नये. पक्कं बिल द्यावं, जीएसटी आम्ही भरू. आणि गोल स्टिकर लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नसेल, तर तो त्या मोठ्या ‘५० वॉट’वर लावावा. तिथे पुष्कळ जागा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपलं नित्याचं गिऱ्हाईक