सुलतान मुहम्मद बिन तुघलक यांस, नाण्याच्या कामी

आलमपनाह,

आपल्या दौलताबादेपासून चार-पाच कोसांवर, छत्रपती संभाजीनगरात राहणारा मी एक साधा रहिवासी. कोणत्याही खात्याने विक्षिप्त फतवा काढला की आमची वर्तमानपत्रे आपले नाव घेतात. निदान नाण्यांच्या बाबतीत तरी हा आपल्यावर घोर अन्याय आहे.

1327 च्या सुमारास आपण राजधानी इथे आणलीत. दोन-तीन वर्षांतच पितळ-तांब्याची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्यावीत असे फर्मान काढलेत. त्यांतली काही तर दौलताबादच्या टांकसाळीतच पडली. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे ईश्वराची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूरही वर कोरलात. रयतेने आज्ञा जरा जास्तच मनावर घेतली आणि नाणी घरीच पाडायला सुरुवात केली. शेवटी आपण हार मानलीत, पण कशी? खरे-खोटे न पाहता ते पितळ परत घेतलेत आणि तिजोरीतून सोने-चांदी मोजलीत! 2016 साली आमच्या नोटा बाद झाल्या तेव्हा आमचेच पैसे आम्हाला रांगेत उभे राहून हप्त्याहप्त्याने मिळाले. आपल्याइतका दिलदार दिवाळखोर पुन्हा झाला नाही.

हुजूर, आपण पितळेला चांदी म्हणालात, इथेच फसलात. आमचे सरकार चांदीला पंचाहत्तर रुपये म्हणते. 2023 मध्ये नव्या संसद भवनाचे स्मारक नाणे निघाले. वजन 35 ग्रॅम, त्यात निम्मी चांदी, वर आकडा 75. नुसत्या चांदीचीच किंमत तेव्हा हजाराच्या पुढे होती. अशी नाणी टांकसाळ डबीत घालून दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकते, आणि लोक आनंदाने घेतात. घरी कोणी नक्कल पाडत नाही, कोणी बाजारात नेत नाही, परत करायलाही कोणी येत नाही. आपल्या दरबारात एकाही वजिराला हे सुचू नये?

आता राज्यांच्या वाढदिवसांचीही नाणी निघतात. सिक्कीम 1975 मध्ये भारताचे राज्य झाले. मे 2025 मध्ये त्याच्या पन्नाशीचे नाणे आले. अभिनंदनच आहे. पण गंगटोकच्या भाजीबाजारात ते नाणे कोणी काढून देईल, असे मला वाटत नाही. राज्य आहे, नाणे आहे, फक्त चालायचे तेवढे राहिले.

आमच्याकडे नेमके उलटे घडले होते. इथे निजामाचा हाली सिक्का चाले, चारमिनारची छाप असलेला. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, तरी हा सिक्का पुढे काही वर्षे बाजारात हातोहात फिरतच होता. सत्ता बुडाली, नाणे चालले! मुक्तीचा आनंद मानणारा माणूसही संध्याकाळी त्याच चारमिनारने तेल-मीठ आणत असणार.

नाण्याने आठवण ठेवायची तर ती अशी, खिशातून. 1999 मध्ये शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे निघाले होते. ते एसटीच्या तिकिटाच्या सुट्ट्या पैशांत हाती यायचे, दानपेटीत पडायचे, पोरे मुठीत धरून गोळ्या-बिस्किटांना पळायची. महाराज नुसते डबीत बसून राहिले नाहीत, हे आमचे भाग्य.

अर्थात रयत अजून आपल्या वेळचीच आहे. दहा रुपयांची नाणी चौदा नमुन्यांत आहेत आणि सगळी खरी आहेत, असे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये जाहीर केले. तरी टपरीवाला नाणे उलटेपालटे करतो आणि शांतपणे म्हणतो, ‘हे चालत नाही, दुसरं द्या.’ हे ऐकताना मला आपली फार आठवण येते.

विनंती एवढीच. 1 मे 2035 ला महाराष्ट्र पंचाहत्तर वर्षांचा होईल. 1829 पासून चालू असलेल्या मुंबईच्या टांकसाळीतले कोणी जुने साहेब तिकडे भेटले, तर इकडे निरोप धाडायला सांगा: चांदी नको, मखमली डबी नको. दोन किंवा पाच रुपयांचे, भरपूर संख्येने पाडलेले, शहागंजच्या भाजीवालीने न बघता कनवटीला लावावे असे नाणे काढा.

आपली, या खेपेस न हललेली,
रयत
छत्रपती संभाजीनगर