तळमजल्याचे फायदे

तळमजल्यावरच्या घराचे फायदे सांगताना बिल्डरने अंगण, कढीपत्त्याचं झाड आणि लिफ्टची कटकट नाही, एवढं सांगितलं होतं. ड्रेनेजची लाइन निव्वळ उतारावर चालते, ती पुढे तुंबली की वरच्या मजल्यांचं सगळं मागे फिरतं आणि सर्वांत खालच्या झाकणातून बाहेर पडतं, हे त्याने सांगितलं नाही. आमच्या सोसायटीचं ते झाकण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे.

वैशाखातला रविवार. नाशकात ही मिसळीची वेळ. झाकण आधी डुगडुगलं, मग बाजूला सरकलं आणि अंगणात पूर आला. गोदावरी चढली की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात, पाणी कमरेला लागलं की छातीला. आमच्याकडे तो मान तुळशीवृंदावनाला मिळाला. "पहिल्या पायरीला लागलं हो!" असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून जाहीर केलं, आत गेले आणि फ्लश ओढला. आवाज सगळ्या इमारतीने ऐकला. परिणाम फक्त मी पाहिला.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'कृपया कोणीही पाणी सोडू नये.' जोडलेल्या हातांची चित्रं धडाधड आली आणि त्यांच्यामागोमाग कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचा फेस आला. २०२७ च्या सिंहस्थाला देशभरातून लोक पापं सोडायला रामकुंडावर येतील. आमच्या इमारतीने सोडलेलं मात्र घरपोच परत येत होतं.

"एखादा माणूस उतरवा आत," असा सल्ला सर्वांत आधी आला. साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणसं मरतात, हे सांगितलं तरी आग्रह चालूच. "मग काका, तुम्ही उतरता का?" म्हटल्यावर त्यांचा गुडघा दुखायला लागला.

अखेर जेटिंगची गाडी आली आणि पाण्याच्या दाबाने लाइन मोकळी झाली. बाहेर काय आलं? उंबराची मुळं, थिजलेलं तेल, फरशीचं फडकं आणि वेट वाइप्सचा नारळाएवढा गोळा. मग ओळखपरेड झाली. इमारतीत तान्हं बाळ एकच, त्याच्या आजीने तत्काळ सांगितलं, "आमच्याकडे बाई जुन्या धोतराचीच दुपटी वापरतात." तेलाला तर वालीच नव्हता. त्या दिवसापुरती सगळी इमारत उकडलेलं खात होती.

पंचनाम्याची गर्दी साफसफाईच्या वेळी पांगली. गाडगे महाराज पुलावरून जाताना न चुकता हात जोडणारे आमचे सेक्रेटरी फावडं दिसताच भाजी आणायला गेले. राहिलो मी, आई आणि ब्लिचिंग पावडर. ही पावडर घाणीच्या ढिगावर टाकून उपयोग नसतो. तिची ताकद त्या घाणीशी लढण्यातच संपते. आधी खरवडायचं, उचलायचं, धुवायचं, आणि मग पावडर. आईला मात्र वृंदावनावर आधी गंगेचं पाणी हवं होतं. (नाशकात गंगा म्हणजे गोदावरी, वाद घालू नये.) शेवटी दोन्ही झालं, क्रमाबद्दल घरात अजून एकमत नाही.

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ मदतीला धावले, हातात संडास धुवायच्या ॲसिडची बाटली. "पावडरीवर हे ओता, दुप्पट चकचकीत!" त्यांना अक्षरशः अडवावं लागलं. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. जर्मनांनी १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर तोच सोडला होता. भाऊ दुखावले. म्हणाले, "जाहिरातीत असं काही सांगत नाहीत."

उरलेलं काम उन्हाने केलं. दुपारपर्यंत फरशी वाळून पांढरीफटक पडली, वासही बराच उतरला. मी आंघोळीवर आंघोळ करून बाहेर येतो तर वरच्या काकू गॅलरीतून वाकून अंगण न्याहाळत होत्या.

"किती लख्ख झालंय रे! उद्या इथेच कुरडया घालू का?"