नाक टपावर, चाके पाण्यात

पैनगंगा ज्या जिल्ह्यात उगम पावते आणि तरीही उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहावी लागते, त्या बुलढाण्यात गाडी बुडण्याच्या भीतीने स्नॉर्कल बसवणाऱ्याच्या दूरदृष्टीचे कौतुकच करावे लागते. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाला लागणारी हवा बॉनेटखालून न घेता टपाच्या उंचीवरून घेणारी नळी होय. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे ते इंजिनात शिरल्यास पिस्टनला जोडलेला दांडा वाकतो आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकही. निवडीच्या वेळी चर्चा मात्र नळीच्या रंगाची रंगते. तिचे सांधे हवाबंद आहेत का आणि एअर फिल्टरच्या डब्याचे खालचे छिद्र बंद केले का, हे विचारणारा विरळा, आणि ते उघडे राहिले तर ही नळी पोळ्याच्या बैलाच्या शिंगांवरील बेगडाइतकीच उपयोगी. कारखान्यातूनच स्नॉर्कलसह येणाऱ्या फोर्स गुरख्याची पाण्यात उतरण्याची जाहीर मर्यादा 700 मिलिमीटर आहे, तर स्नॉर्कल नसलेल्या महिंद्रा थारची 650, म्हणजे टपाला भिडलेल्या या नाकाची अधिकृत कमाई चौथाई वीत! मे महिन्याच्या फुफाट्यात वरची हवा तुलनेने स्वच्छ मिळते, हा नळीचा खरा लाभ. पण धुळीत फोटो चांगले येत नाहीत. पुलावरून पूर्णा नदीचे पाणी जात असेल, तर सुमारे 60 सेंटीमीटर खोलीचा प्रवाह बहुतेक गाड्या वाहून नेतो, मग नळी असो वा नसो.