तिकीट काढून ठाण्यात : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे बजावून ठेवलं आहे. पोलीस ठाण्याची पायरी त्या म्हणीत नाही, कारण ते वेगळं सांगायची गरजच नव्हती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सँ त्रोपे गावात मात्र लोक ही पायरी हौसेने आणि पदरचे पैसे मोजून चढतात. तुम्हालाही चढायची असेल तर पुढील सूचना पाळाव्यात.

आधी पोहोचायचं कसं ते पाहू. गावाला रेल्वे नाही. सँ राफाएलला उतरून बस धरावी, नाहीतर मोसमात समुद्रातून होडीने यावं. जुलै-ऑगस्टमध्ये स्वतःची गाडी काढणाऱ्याने सोबत डबा घ्यावा. कोंडीत जेवणाची वेळ हमखास होते.

गावात ब्लांकी चौक विचारावा. तिथली १८७९ची इमारत हे जांदार्मचं ठाणं. जांदार्म म्हणजे लष्करी दर्जाचे पोलीस. ते या इमारतीत २००३पर्यंत खरोखर नांदले. २०१६पासून इथे जांदार्मरी आणि सिनेमा यांचं संग्रहालय आहे. दारापुढे ऐटीत उभं राहून फोटो काढावा. नाही काढला तर मागचे लोक वैतागतील, कारण तेही त्यासाठीच आलेले असतात.

आता या गर्दीच्या कारणाचा अभ्यास. १९६४ साली दिग्दर्शक झाँ जिरो यांचा ‘सँ त्रोपेचा जांदार्म’ आला आणि त्या वर्षी फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त चालला. लुई द फ्युनेस त्यात ल्युदोविक क्र्युशो हा शिपाईगडी झाला. डोंगरातल्या खेड्यातून त्याची या गावी बदली होते. खेडं कृष्णधवल आणि सँ त्रोपे रंगीत, अशी दिग्दर्शकाची साधी सोय आहे. गावात गुन्हे बेताचेच, म्हणून किनाऱ्यावर विवस्त्र लोळणाऱ्यांना पकडणं हेच ठाण्याचं राष्ट्रकार्य. त्यासाठी रीतसर कवायत चालते.

क्र्युशो समजायला फ्रेंच यावं लागत नाही, सरकारी कचेरीत एक दुपार काढलेली असली की पुरे. वरिष्ठ जेर्बेर समोर आला की याचा कणा लोण्याचा. तो वळला, की हाताखालच्यांवर डाफरणं सुरू. दोन्ही चेहऱ्यांमध्ये क्षणाचंही अंतर नसतं. द फ्युनेस ते अंतर डोळे, भुवया आणि हातवारे यांवर कापतो. माझ्या मते सगळ्या संग्रहालयाचा ऐवज तेवढाच आहे. गणवेश नि पोस्टरं हे त्याचं मखर. आपल्या दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ १९७५चा. पण एखादं ठाणं रिकामं करून त्याच्या नावाने तिकीट लावावं, असं आपल्या गृहखात्याला सुचल्याचं ऐकिवात नाही.

पुढचे पाच चित्रपट सवडीने पाहावेत, न्यूयॉर्कचा वगळला तरी चालेल. १९७९चा मात्र सुरक्षेच्या दृष्टीने अनिवार्य. त्यात परग्रहवासी माणसांची, अगदी जांदार्मांचीही रूपं घेतात. ओळखायची खूण सोपी: अंगावर टिचकी मारली की रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो, ते तेल पितात आणि पाण्याने गंजतात. टू सीव्ही गाडी बेफाम हाकणारी जोगीण दिसली तर लिफ्ट मागू नये. क्र्युशोने हा अनुभव पुरेसा घेतला आहे. शेवटचा चित्रपट १९८२चा; त्याचं काम चालू असतानाच जिरो गेले, आणि १९८३च्या जानेवारीत द फ्युनेसही.

सिनेमाच्या बाकी दालनांत फार रेंगाळू नये. १९५६मध्ये रॉजे वादीमने ब्रिजित बार्दोला घेऊन इथे चित्रपट केला आणि कोळ्यांचं गाव जगभर गाजलं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. बार्दोचा पुतळा बाहेर आहेच. त्याच्याजवळ गर्दी असते, आणि ती पोलिसांसाठी नसते.

इतिहासप्रेम फारच दाटून आलं तर गावात जनरल आलार यांचा माग काढावा. नेपोलियनच्या सैन्यातला हा इथला सुपुत्र पुढे लाहोरला महाराजा रणजितसिंहांच्या पदरी राहिला. चंब्याच्या बन्नू पान देई या आपल्या बायकोसाठी त्याने गावात वाडा बांधला. त्या वाड्यात आज महागडं हॉटेल आहे. रणजितसिंहांचा अर्धपुतळाही गावात बसवला आहे. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग लावावी लागत नाही. खऱ्या महाराजाला अर्धा पुतळा आणि खोट्या शिपायाला अख्खं ठाणं, हा हिशेब गावाने पर्यटकांकडे पाहून केला असावा. पर्यटक म्हणून तक्रार करायचा अधिकार तुम्हाला नाही.

शेवटची सूचना परतीच्या वाटेसाठी. रस्त्यात गणवेशातल्या कुणी गाडी थांबवली तर तो खरा आहे असंच धरून चालावं. कागदपत्रं दाखवावीत, आणि आवाज कसा येतो हे पाहायला टिचकी मारू नये.