वजाबाकीवाले काका

मुलगा परदेशी शिकायला गेलेला बाप पुण्यात दर इमारतीत एक तरी असतोच. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. ऑक्टोबरात केंब्रिजची टर्म सुरू झाली आणि इकडे आमची परीक्षा.

पहिल्याच दिवशी काकांनी जिन्यात गाठलं. "सेंट जॉन्स कॉलेज, 1511 सालचं! शनिवारवाड्याचा पाया 1730चा. करा वजाबाकी." मी करायच्या आत तेच म्हणाले, "दोनशे एकोणीस!" मग फर्ग्युसन, 1885 : तीनशे चौऱ्याहत्तर. पुणे विद्यापीठ, 1949 : चारशे अडतीस. लिफ्ट बंद पडल्याची तक्रार केली तरी विचारणार, "बसवली कधी?"

तिकडे मुलगा एकटाच गेलाय, पण काकांची भाषा 'आम्ही'ची. आम्ही काळा गाऊन चढवला, आम्ही कॉलेजच्या वहीत सही केली. आम्ही हिरवळीवर पाय ठेवत नाही, तो मान फेलोंचा. आमच्या आवारात हिरवळ म्हणजे पाण्याच्या टाकीमागचं वीतभर गवत; काका हल्ली त्यालाही वळसा घालतात. रँग्लर परांजपे आमच्याच कॉलेजचे, 1899चे सीनिअर रँग्लर, हे तर रोजचंच. ते पुण्याला परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले, एवढं मी पुढे जोडलं की काकांना गॅसवरचं दूध आठवतं.

आता जिथे ही इमारत आहे, तिथे काकांचा वडिलोपार्जित वाडा होता. पाडायचा की ठेवायचा, या बैठकीत "जुनाट झालाय!" म्हणून पहिला हात काकांनीच वर केला होता. सागवानी खांब टेम्पोत चढले, तेव्हा कोणी वजाबाकी केली नाही.

परवा रात्री त्यांनी बेल वाजवली. आवाज नेहमीचा नव्हता. तिकडे जेवताना कोणीतरी मुलाला विचारलं, तुमचं घर किती जुनं? पोरगं खरं बोललं : सहा वर्षांचं.

"अरे, तुझे वडील आमचे जुने भाडेकरू. वाडा कुठल्या सालचा, कधी बोलले होते?"

नव्हते बोलले. काकांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी ते उतारा काढायला सिटी सर्व्हेच्या कचेरीत निघाले. एकटे गेले तर कारकुनाला 1511पासून सुरुवात करतील, म्हणून मीही स्कूटर काढली.