बारा बोअरचे आबा

मसुऱ्यापासून कट्ट्यापर्यंत कुठल्याही वाडीत जा, एक बंदूकवाले आबा असतातच. पाहुणा ओटीवर टेकला की चहाच्या आधी परवाना बाहेर येतो. शेतीसंरक्षणाचा. त्यावरचा पहिला शिक्का रत्नागिरीच्या कलेक्टरचा. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला, बंदूक त्याच्या आधीची. त्यामुळे ओरोसच्या साहेबाशीही आबा वडीलकीच्या सुरातच बोलतात.

या बंदुकीने आजवर काय मारलं, हे मात्र विचारू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ती हवेतच बोलते. बार झाला की माकडं आंब्यावरून फणसावर जातात, एवढाच काय तो फरक.

आबांचं खरं वैभव परवान्याच्या मागच्या खणात असतं. कारखान्याचं पत्र. एका पौषात पहाटे चाप ओढला आणि नुसतं ‘टिक’ झालं. परत ओढला, परत टिक. माकडं खाली वाकून बघायला लागली म्हणे. आबांनी दोन पानी तक्रार सरकारी आयुध कारखान्याला धाडली. त्यात घराण्याचा इतिहास होता, माडांची संख्या होती, आणि आपण बंदुकीला दर शनिवारी घाण्यावरचं खोबरेल चोळतो, हेही अभिमानाने लिहिलेलं होतं.

आणि उत्तर आलं! टाइप केलेलं, सहीशिक्क्याचं. ‘महोदय’ अशी सुरुवात. खोबरेल थंडीत गोठते, त्यामुळे आतला खिळा काडतुसावर जोराने आपटत नाही. बंदुकीचे तेल वापरावे. काडतुसे दमट जागी वा चुलीजवळ ठेवू नयेत. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी. आपला विश्वासू.

खोबरेलाला नावं ठेवली, हा घाव आबा अजून विसरलेले नाहीत. तरी त्यांनी तेल बदललं. पौषात बार झाला, माकडं फणसावर गेली. पत्राला मालवणातून प्लास्टिकचं आवरण चढवून आणलं. बंदुकीच्या नशिबी अजून गोणपाटच आहे.

“झिलान मुंबयसून माका कधी पत्र लिवक नाय,” आबा सांगतात, “आणि कारखान्यान माका महोदय म्हटल्यान!” आम्ही फ्रिज घेतो, मोबाइल घेतो, तक्रार केली की एक गोड बाई मराठीसाठी दोन दाबायला सांगते आणि मग अर्धा तास सनई. यातल्या कुणीही मला आजवर महोदय म्हटलेलं नाही.

1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. बातमी वाचून गावात एकटे आबा अस्वस्थ. “सातांतल्या खयच्या कंपनीकडे माझी फाइल गेली?” पोस्टमनला विचारून झालं, तलाठ्याला विचारून झालं.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा निरोप येतो. आबा ती एसटीने, शेजारी जागा धरून नेतात आणि पावती घेतात. गेल्या खेपेला हवालदाराने विचारलं, “सोबत आणखी काय?”

आबांनी पत्र काढलं. हवालदाराने वाचलं, ‘महोदय’पाशी जरा थांबून परत दिलं. “ह्या घरीच ठेवा.”

निकाल लागेपर्यंत वाडीत माकडांचं राज्य होतं. एका सकाळी बघतो तर आबा परसात उभे, हातात प्लास्टिकमधलं पत्र, त्यावर ऊन चमकतंय. वर फांदीवर पाचसहा माकडं.

फणसावर गेली.

“बघलंस?” आबा म्हणाले.